कारखान्याची किंमत उलाढालीवर मोजताय? या चुका टाळा

"साहेब, कारखान्याची किंमत काढून द्या, परवा बैठक बसायचीय." असा फोन आला की पलीकडं काय चाललंय ते न सांगता कळतं. भावाभावांत वाटणी निघालेली असते, भागीदार बाहेर पडत असतो, नाहीतर पुण्याला नोकरीत रमलेला मुलगा आता कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावला परत येत नाही हे घरात सगळ्यांना कळून चुकलेलं असतं. आकडा परवापर्यंत निघतो, त्यात अवघड काही नाही. पण बैठकीत एकजण "एवढाच का?" आणि दुसरा "एवढा कसा?" विचारतो, तेव्हा दाखवायला मागच्या तीन वर्षांच्या नोंदी लागतात. त्या नसतात. मग आवाज चढतो.

शिरोलीची फाउंड्री (लोखंड वितळवून ओतणारा कारखाना) असो, कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतलं मशीन शॉप असो, उद्यमनगरातलं आजोबांच्या काळचं वर्कशॉप असो की इचलकरंजीचे यंत्रमाग, चुका त्याच त्याच दिसतात. त्या बघून बघून कंटाळा आला म्हणून हे लिहितोय.

हिशेब मुळात साधा आहे. घेणारा माणूस दोनच गोष्टी बघतो: वर्षाला किती पैसा सुटतो, आणि तो पुढंही सुटत राहील याची खात्री किती. व्याज, घसारा आणि कर वजा करण्याआधीचा नफा (याला एबिटा म्हणतात) घ्यायचा, त्याला एका पटीनं गुणायचं, आलेल्या रकमेतून कर्ज वजा करायचं. माझ्या बघण्यात आलेल्या छोट्या फाउंड्री आणि मशीन शॉपच्या व्यवहारांत ही पट तीन ते पाचच्या दरम्यान राहिली. नफा टॅलीत दिसतो. पट तीनाची पाच कशानं होते आणि पाचाची तीन कशानं, ते मात्र कुणी लिहून ठेवत नाही.

उलाढाल वाढली, म्हणजे किंमत वाढली

ही माझी सगळ्यात नावडती चूक, म्हणून तिच्यावर जरा जास्त बोलतो.

गोकुळ शिरगावच्या दोन भावांची फाउंड्री. ग्रे आयर्नचं कास्टिंग (ओतीव भाग), गिऱ्हाईक बहुतेक ट्रॅक्टर आणि पंपवाले. थोरल्याला बाहेर पडायचं होतं. २०१९-२० ला उलाढाल १८ कोटी होती, २०२१-२२ ला साडेबावीस झाली. मधे लॉकडाऊन जाऊनसुद्धा पंचवीस टक्के वाढ, त्यामुळं थोरल्याची छाती फुगलेली. त्यानं कुठंतरी ऐकलं होतं की धंदा उलाढालीच्या एक पटीला जातो. म्हणजे साडेबावीस कोटी, निम्मा वाटा सव्वाअकरा. धाकटा म्हणत होता, "अण्णा, एवढं असतं तर मीच विकून तुझ्याआधी गेलो असतो की."

मी ताळेबंद बाजूला ठेवला आणि दोन गोष्टी मागितल्या: डिस्पॅचचं रजिस्टर आणि तीन वर्षांची लाइट बिलं. रजिस्टरात २०१९-२० ला साधारण २,२५० टन माल गेलेला. २०२१-२२ ला २,१४० च्या आसपास. म्हणजे माल कमी गेला होता. वाढला होता तो किलोचा दर, ८० रुपयांवरून १०५ वर. २०२१ मध्ये पिग आयर्न (फाउंड्रीचं कच्चं लोखंड), स्क्रॅप आणि कोक सगळंच महागत गेलं आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झाल्यावर त्याला आणखी आग लागली, कारण पिग आयर्नच्या निर्यातीत रशिया आणि युक्रेन दोघंही मोठे. गिऱ्हाईकानं कच्च्या मालाची वाढ दरात दिली, तीही एक तिमाही उशिरा. वीज आणि मजुरीची वाढ दिलीच नाही. त्यामुळं कच्चा माल, वीज आणि थेट मजुरी जाऊन किलोमागे जे १७ रुपये हातात राहायचे, ते १४ वर आले होते. लाइट बिलांनीही तेच सांगितलं: रक्कम वाढलेली, युनिट घटलेले. वितळवलेलं लोखंड कमी झाल्याशिवाय भट्टीचे युनिट सहसा घटत नाहीत.

आता गुणाकार करा. आधी किलोमागे १७ रुपयांनी वर्षाला पावणेचार कोटींच्या वर राहत होते, आता तीन कोटी. त्यातून पगार, दुरुस्ती, ऑफिस असा सव्वा कोटीचा ठरलेला खर्च गेला की राहिले पावणेदोन. साडेचार पटीनं आठ कोटींच्या खालीच बसतं, बँकेचं कर्ज तीन कोटी. उरलेल्याचा निम्मा वाटा अडीच कोटींच्याही आत. थोरल्याच्या डोक्यात सव्वाअकरा. उलाढाल वाढत होती त्या दोन वर्षांत कारखान्याची किंमत खरं तर घसरली होती, आणि दोघांपैकी एकालाही पत्ता नव्हता. वाद मिटायला पुढची दिवाळी उलटली, आणि वकिलाची फी दोघांनी वेगवेगळी भरली.

म्हैस घ्यायला गेलेला माणूस दूध काढून बघतो, शिंगांचा रंग बघत नाही. कारखान्याच्या बाबतीत मात्र सगळे शिंगांवरच बोली लावतात.

माझ्याकडं येणाऱ्याला मी एवढंच करायला लावतो: उलाढालीच्या शेजारी दर महिन्याला टन लिहा, आणि किलोमागे हातात राहिलेले रुपये लिहा. यंत्रमागवाल्यानं टनाऐवजी मीटर आणि पिकामागे (कापडातल्या आडव्या धाग्यामागे) मिळालेली मजुरी लिहावी. फाउंड्रीवाल्यानं अजून एक गोष्ट लिहावी: वितळवलेल्या टनामागे किती युनिट गेले. इंडक्शन भट्टीला साधारण साडेपाचशे ते सातशे. आकडा हळूहळू चढत असेल तर लायनिंग (भट्टीचं आतलं अस्तर), अर्धवट भरलेल्या हीट (वितळवायच्या खेपा), नाहीतर मोल्डिंगची (साचे तयार होण्याची) वाट बघत भट्टीत धरून ठेवलेला रस, यापैकी काहीतरी आहे. नफ्यात हे दिसायला वर्ष जातं, युनिटमध्ये महिन्यात दिसतं.

जागेचा भाव म्हणजे धंद्याचा भाव

"बँकेच्या व्हॅल्युअरनं सहा कोटी लिहिलेत," असं म्हणून फाइल पुढं सरकवणारे खूप. तो रिपोर्ट तारणासाठी असतो. त्यात जागा, शेड आणि यंत्रं असतात, धंदा नसतोच. आणि त्याच रिपोर्टात बाजारभावाच्या खाली सक्तीच्या विक्रीचा भाव म्हणून आणखी एक आकडा असतो. त्या ओळीवर कुणाचं बोट जात नाही.

एमआयडीसीचा प्लॉट आपल्या मालकीचा नसतो, तो ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असतो. दुसऱ्याच्या नावावर करायचा तर महामंडळाची परवानगी लागते आणि हस्तांतरणाचं शुल्क भरावं लागतं. हे माहीत नसलेला मालक मी अजून पाहिलेला नाही, आणि किंमत सांगताना ते लक्षात ठेवणाराही क्वचितच भेटला.

त्याहून मोठी गफलत पुढं आहे. समजा जागा-शेडची किंमत सहा कोटी आणि धंद्याचा वर्षाचा नफा ४० लाख. मालक म्हणतो, चाळीसची चार पट एक कोटी साठ लाख, अधिक जागेचे सहा कोटी. इथं जागा दोनदा मोजली गेली. तीच शेड भाड्यानं घेतली असती तर वर्षाला पंचवीस-तीस लाख द्यावे लागले असते, आणि ते न दिल्यामुळंच नफा चाळीस दिसतोय. एकतर नफ्यातून भाडं वजा करा आणि जागा वेगळी धरा, नाहीतर भाडं राहू द्या आणि जागा वेगळी धरू नका. पहिल्या पद्धतीनं पाहिलं तर धंदा म्हणून हातात दहा-पंधरा लाखच उरतात. असे कितीतरी कारखाने आहेत, जे खरं तर जागेच्या भाड्यावर चाललेत आणि वरून रोज भट्टी पेटवतात. मालकाला हे सांगितलं की राग येतो. येऊ दे.

माझी सवय अशी की जागा घरच्यांच्या नावावर असो किंवा वडिलोपार्जित असो, दरमहा बाजारभावानं भाडं धरून मगच नफा लिहायचा. वहीत लिहिलं तरी चालेल.

मालकाचा पगार शून्य

मालक महिन्याला तीस हजार उचलतो, वहिनी अकाउंट बघतात, पुतण्या खरेदी करतो, सगळं घरचंच. घेणाऱ्याला या तिन्ही जागांवर पगारी माणसं ठेवावी लागणार. तो ते पगार वजा करूनच बोलतो, मग तुम्ही आधीच वजा करून ठेवा. उलट बाजूही आहे: घरची गाडी, महाबळेश्वरची ट्रिप, लग्नातला मांडव धंद्याच्या खात्यात टाकला असेल तर तो नफ्यात परत मिळवायचा. लोक दुसरी बाजू बरोबर लक्षात ठेवतात.

पगारापेक्षा महाग पडतं ते मालकाच्या डोक्यात असलेलं. कुठल्या पार्टला कोणता दर दिला, कुठल्या गिऱ्हाईकाचा खरेदी अधिकारी कशानं खूश होतो, वाळूच्या मिश्रणात मेस्त्री काय करतो. मी मालकाला विचारतो, "पंधरा दिवस ऑपरेशनला झोपलात, तर काय थांबेल?" जे थांबेल त्याची यादी म्हणजेच पट कमी होण्याची कारणं. दर तीन महिन्यांनी ती यादी काढा. छोटी होत असेल तर किंमत वाढतेय, ताळेबंदात काही दिसो न दिसो.

कच्चं बिल

यावर मला लांब बोलायचं नाही. वीस लाखांचा नफा दडवून आयकराचे पाच-सहा लाख वाचवले, तर चार पटीनं किंमतीतले ऐंशी लाख गेले. विकायच्या वेळी "साहेब, खरा नफा वेगळाच आहे" म्हणून कानात सांगायचं, हे १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यापासून तर आणखीच हास्यास्पद झालंय. समोरचा जीएसटीआर-१ आणि ३-बी ही जीएसटीची विवरणपत्रं, ई-वे बिलं आणि बँकेचं स्टेटमेंट शेजारी शेजारी ठेवतो. कागदावर नाही त्या नफ्याचे पैसे कोण देणार? वरून त्याला प्रश्न पडतो, यानं सरकारला फसवलं, मग मला काय सोडेल?

याचीच धाकटी बहीण: सीसी लिमिट (बँकेची खेळत्या भांडवलाची कर्जमर्यादा) टिकावं म्हणून बँकेला दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटमध्ये माल फुगवायचा आणि ताळेबंदात कर वाचवायला तो कमी दाखवायचा. दोन्ही कागद घेणाऱ्याच्या टेबलावर एकाच दिवशी येतात.

शेअर बाजारातली पट

"एसएमई बोर्डावर तीस पटीला जातंय, माझं का नाही?" हा प्रश्न गेल्या काही वर्षांत वाढला. छोट्या कंपन्यांच्या शेअरसाठीचे बीएसई एसएमई आणि एनएसई इमर्ज हे बाजार २०१२ पासून आहेत. मधल्या काळात तिथं असा धुरळा उडाला की जुलै २०२४ मध्ये एनएसईला पहिल्या दिवशी उघडण्याचा भाव इश्यूच्या किमतीपेक्षा ९० टक्क्यांच्या वर जाऊ नये असा लगाम घालावा लागला. त्या भावानं स्वतःचा कारखाना मोजणं म्हणजे हौस आहे. तिथली तीस पट करानंतरच्या नफ्यावर असते, तुम्ही ती एबिटाला लावता. तिथला शेअर उद्या सकाळी विकता येतो, तुमचा वाटा विकायला दोन वर्षं गिऱ्हाईक शोधावं लागतं.

हां, बाहेरचं एक मात्र बघत राहा: व्याजदर. घेणाराही कर्ज काढूनच घेतो. मे २०२० पासून दोन वर्षं रिझर्व्ह बँकेचा रेपो दर ४ टक्के होता, फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहा झाला आणि २०२५ मध्ये पुन्हा उतरत गेला. तोच कारखाना, तोच नफा, तरी वेगळ्या वर्षी वेगळी बोली येते.

एकच मोठं गिऱ्हाईक

साठ टक्के माल एकाच कंपनीला जातो, आणि मालक ते अभिमानानं सांगतो. घेणारा तेवढ्यावरून पट खाली आणतो. वाटा रुपयांत न लिहिता टनांत लिहा, आणि शेजारी पार्टचा प्रकारही. ब्रेक ड्रम, हब, पंप आणि व्हॉल्व्हची बॉडी एका बाजूला. सिलिंडर ब्लॉक, हेड असे इंजिनाचे भाग दुसऱ्या बाजूला. विजेवरच्या गाडीला ब्रेक लागतात, सिलिंडर ब्लॉक लागत नाही. हे आता घेणाऱ्यालाही कळतं.

आणि शेडमध्ये रचून ठेवलेले पॅटर्न (साचे बनवायचे नमुने) बहुतेक वेळा गिऱ्हाईकाचे असतात. ते आपल्या मालमत्तेत धरू नका.

उधारीचं वय न लिहिणं

येणी किती हे सगळ्यांना तोंडपाठ. किती दिवसांची, हे विचारलं की "येतात ओ, पार्टी चांगली आहे." २४ कोटींच्या उलाढालीत तीस दिवसांची उधारी वाढली की दोन कोटी अडकले, आणि दहा टक्क्यांनी वर्षाला वीस लाख व्याज गेलं. घेणारा तेवढं खेळतं भांडवल स्वतः घालावं लागणार म्हणून किमतीतून काढतो.

२००६ च्या एमएसएमई कायद्यानं सूक्ष्म आणि लघु उत्पादकाचं बिल करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि नसेल तर १५ दिवसांत द्यावं लागतं. नाही दिलं तर बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढ व्याज. १ एप्रिल २०२४ पासून मुदतीत न दिलेल्या बिलाची वजावटही प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत आयकरात मिळत नाही. गिऱ्हाईकाशी व्याजावरून भांडा असं मी सांगत नाही, कुणी भांडतही नाही. पण उद्यम नोंदणीचा नंबर बिलावर छापा, आणि ४५ दिवसांवरची येणी वेगळ्या ओळीत लिहा. १ एप्रिल २०२५ पासून लघु उद्योगाची मर्यादा गुंतवणुकीत २५ कोटी आणि उलाढालीत १०० कोटी झालीय, म्हणजे "आपण आता मोठे झालो, आपल्याला लागू नाही" म्हणणारे बरेचजण परत आत आलेत.

पुराचा विमा

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि पुणे-बेंगळुरू वाहतूक बंद पडली. तेव्हापासून बाहेरचा घेणारा पहिल्या भेटीतच पाणी कुठवर आलं होतं ते विचारतो. इथं चूक एकच होते: विमा आहे, पण पाच वर्षांपूर्वीच्या किमतीला. दोन कोटींचा माल एक कोटीला विमा केलेला असेल आणि साठ लाखांचं नुकसान झालं, तर सरासरीच्या नियमानं (विमा निम्मा, तर भरपाईही निम्मी) तीसच लाख मिळतात. २०२१ पासून आलेल्या भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा पॉलिसीत पंधरा टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, निम्म्याची नाही. दरवर्षी मे महिन्यात, पावसाच्या आधी, विम्याची रक्कम आणि स्टॉक समोरासमोर ठेवा.

चाळीस रकान्यांचं एक्सेल

एमबीए करून आलेला मुलगा पहिल्याच आठवड्यात रंगीत डॅशबोर्ड बनवतो. चाळीस गुणोत्तरं, हिरवे-लाल बाण. तिसऱ्या महिन्यात रकाने रिकामे, कारण डिस्पॅचच्या पोराकडून तेवढे आकडे कधीच वेळेवर येत नाहीत. मग व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारं "धंद्याची किंमत पाच मिनिटांत" वालं कॅल्क्युलेटर सापडतं. पाच मिनिटांत आलेला आकडा बैठकीत तेवढाच वेळ टिकतो.

मी सहा आकडे लिहायला लावतो, वहीत, हातानं: डिस्पॅचचे टन, किलोमागे सुटलेले रुपये, टनामागे युनिट, रिजेक्शनचे (नापास मालाचे) टक्के, सगळ्यात मोठ्या गिऱ्हाईकाचा वाटा, ४५ दिवसांवरची येणी. महिन्याच्या २२ तारखेला, कारण २० ला ३-बी भरलेला असतो आणि अकाउंटंट जरा मोकळा असतो. प्रत्येक आकड्याशेजारी एक ओळ, का बदलला ते. "रिजेक्शन ६ वरून ९, नवीन कोअर, वाळू ओली." ती ओळ सगळ्यात महत्त्वाची, आणि नवशिके नेमकी तीच गाळतात, कारण तिच्यासाठी शेडमध्ये जाऊन विचारावं लागतं.

राहिलेलं, थोडक्यात

ग्रॅच्युइटीची तरतूद नसणं: वीस वर्षं काम केलेले तीस कामगार असतील तर पगाराला सव्वीसानं भागून, पंधरा आणि वर्षांनी गुणा. आलेली रक्कम घेणारा किमतीतून वजा करतो.

सिबिलचा एमएसएमई रँक (कर्जफेडीतली पत) कधीच न बघणं: १ चांगला, १० वाईट. घेणारा बघतो.

करासाठी काढलेलं मूल्यांकन सौद्यात वापरणं: आयकराच्या नियमानं शेअरची काढलेली किंमत खात्याला दाखवायला असते, सौद्याची बोली तिच्यावर ठरत नाही.

बोली आल्यावर वही सुरू करणं: घेणारा तीन वर्षांच्या नोंदी मागतो, आणि एकाच पेनानं, एकाच शाईत, एका बैठकीत लिहिलेली तीन वर्षं त्याला पहिल्या पानावरच ओळखू येतात.